औषधाच्या मात्रेबरोबर फवारणीची वेळही छापा

महोदय,

आपल्या कृषी पानावर फवारणीचा सल्ला येतो. कोणत्या किडीला कोणते औषध, १० लिटर पाण्यात किती मिली. आमच्या नाणे मावळात त्याची कात्रणे लोक जपून ठेवतात, म्हणूनच ही विनंती: फवारणी दिवसाच्या कोणत्या वेळी करायची, तेही त्यात छापा.

आमची अडीच एकर जमीन. खाली खाचरात इंद्रायणी भात, वर वरकस म्हणजे हलक्या, उताराच्या तुकड्यावर कारळा हे तेलबियांचे पीक, विहिरीजवळ भाजीपाला. पुण्यातली २२ कुटुंबे मृगाआधी हंगामाचे पैसे भरतात आणि पिकेल त्यातला वाटा दर रविवारी नेतात. पीक कमी आले तर वाटाही कमी, हे आधीच ठरलेले. बांधावरच्या जांभळाखाली सातेरी मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. मध थोडाच निघतो. पेट्या ठेवल्या त्या काकडी, दोडका, भोपळ्यासाठी. यांची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. पराग इकडून तिकडे कुणीतरी न्यावाच लागतो. कारळ्यालाही स्वतःच्या परागाने दाणा भरत नाही.

यंदा घटस्थापनेच्या आठवड्यात भाताला तपकिरी तुडतुडे लागले. शेजारचे दादा, आमच्याच भावकीतले, सकाळी दहाला पाठीवर पंप घेऊन खाचरात उतरले. वारा खालून वर वाहत होता आणि वर कारळा ऐन फुलात, पिवळाधमक. दुपारी पेट्यांकडे गेले तर दारापुढे गवतात माश्यांचा सडा पडलेला. सोंडा बाहेर आलेल्या. कितीतरी जणींच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या होत्या. एक माशी पाठीवर पडून जागच्या जागी गिरक्या घेत होती. ती थांबेपर्यंत मला तिथून उठवले नाही. आठवडाभरात दोन पेट्या ओस पडल्या, तिसरीतल्या माश्या पेटी सोडून उडून गेल्या.

दादांवर माझा राग नाही. तुडतुडे बघता बघता खाचर करपवून टाकतात, फवारायला तर हवेच होते. पण ते म्हणाले, "डब्यावरचा त्रिकोण निळा होता, मला वाटलं औषध सौम्य आहे." त्रिकोणाचा रंग औषध माणसाला किती विषारी एवढेच सांगतो, मधमाशीला किती ते सांगत नाही. माश्यांबद्दलची सूचना आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात होती. दुकानात कुणी ती वाचून दाखवली नाही.

दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर फवारले तर निदान ओले औषध त्यांच्या अंगावर पडत नाही. तुडतुडे बुंध्याशी बसतात, तेव्हा नोझलही खालीच धरायचे. आदल्या दिवशी एक फोन आला असता तर मी रात्री पेट्यांच्या दारांना जाळी लावून वर ओले गोणपाट टाकले असते. तेवढ्याने दिवस निभावता येतो.

पुढच्या रविवारी टोपल्यांत काकड्या गेल्या त्या एका टोकाला फुगलेल्या, दुसऱ्या टोकाला चिमटलेल्या. दोडके बोटभर होऊन पिवळे पडून गळत होते. एका काकूंनी विचारले, "कसला रोग आलाय?" रोग नाही, माश्या गेल्या, असे मी सांगितले. दिवाळीनंतर भातकापणीला त्यांच्यासह नऊ जण आले, विळा कसा धरायचा इथपासून शिकले. पैसे कुणीच परत मागितले नाहीत. पण कारळा झोडपला तेव्हा सुपात पोचट दाणाच फार निघाला. दरवर्षी प्रत्येक घरी चटणीपुरता कारळा जातो, तो यंदा पुरला नाही.

आता भाताच्या ओलीवर वाल पेरलाय. तो फुलेल, त्यावर मावा पडेल आणि पंप पुन्हा बाहेर निघतील. त्याआधीच्या सल्ल्यात वेळ छापून आली तर ते कात्रण गावातल्या औषधाच्या दुकानात लावायचे मी आणि दादांनी ठरवले आहे.

– एक शेतकरीण, नाणे मावळ, जि. पुणे