सिंहगडावरच्या त्या सगळ्यांना

रविवारी साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढलो. ‘मी चालणार’ म्हणणाऱ्या बाईसाहेबांनी अर्ध्या वाटेतच बसकण मारली. (आई म्हणालीच होती.) तिला आळीपाळीने खांद्यावर घेऊन पुणे दरवाजापर्यंत आणणाऱ्या कॉलेजच्या तीन पोरांनो, मनापासून आभार. नावं विचारायचीही राहिली.

वरच्या ताकवाल्या मावशी, तुम्ही तिचा खरचटलेला गुडघा पदराने पुसलात, मडक्यातल्या दह्यावर चिमूटभर जास्तच साखर भुरभुरलीत आणि पैसे घेतले नाहीत. तेच दही उतरताना घाटात जीपमध्ये बाहेर आलं! ड्रायव्हरदादा, ‘लेकरू आहे, चालायचंच’ म्हणत तुम्ही स्वतःच पाणी ओतलंत.

तिची डावी गुलाबी चप्पल मात्र गडावरच राहिली. रोज विचारते, मावशींनी ठेवली असेल ना?