सर, तुम्ही पेनाला टोपण लावलंत त्या दिवसाबद्दल

सर, सप्रेम नमस्कार.

तुम्ही रिटायर होऊन पुण्याला गेलात त्याला तीन महिने झाले. सेंड ऑफला बोलायला उभा राहिलो तर गळाच दाटून आला, थँक यू सर एवढंच म्हणून खाली बसलो. ते राहिलेलं आज लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय.

मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला. आयटीआय करून लागलो तेव्हापासून अकरा वर्षं काम एकच, मीटर बघायचा, आकडा सांगायचा, लिहिणार दुसरा आणि सही तिसऱ्याची. आधीच्या साहेबांना काही सुचवायला गेलं की 'तू रीडिंग दे, डोकं आम्ही लावतो'. दरवर्षी अप्रेझलमध्ये 'सुधारणेची गरज आहे' असा शेरा, आणि कशात सुधारणा ते एकानेही कधी तोंडाने सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

तुम्ही आल्यावर दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. अकरा केव्हीचा डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर, टँकमध्ये बसवायच्या आधीची रेशो टेस्ट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचं गुणोत्तर प्रत्येक टॅपवर (वाइंडिंगमधून काढलेल्या जोडणीवर) बरोबर येतं का ते बघायचं. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत हवा आणि बी फेजला चार नंबर टॅपवर तो अडीच टक्के, पाचवर परत तेवढाच पण उलट्या बाजूला. मला कळत होतं काय झालंय, पण सवयीने गप्प. तुम्ही विचारलंत, "तुम्हाला काय वाटतं?" मला वाटलं आता स्वतःच सांगतील, कारण सगळे असंच करतात, विचारतात आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतात. तुम्ही मात्र पेनाला टोपण लावलंत, पेन टेबलावर ठेवलंत आणि माझ्याकडे बघत थांबलात. शेजारी कॉम्प्रेसर सुरू होऊन बंद झाला तरी तुम्ही थांबलेलेच. शेवटी मी म्हटलं, चार आणि पाचच्या टॅप लीड, म्हणजे टॅपच्या वायरी, अदलाबदल झाल्यात सर. तुम्ही "उघडून बघू या" म्हणालात, आणि तसंच निघालं. मग रिपोर्टचा पॅड माझ्याकडे सरकवून म्हणालात, "लिहा, आणि सही पण तुमचीच."

घरी येऊन आईला सांगितलं तर तिने देवापुढे साखर ठेवली.

आपल्याकडे कोचिंग म्हटलं की बारावीचे क्लास आठवतात. कामावरच्या माणसाला पण कोच लागतो, आणि तो उत्तर सांगत नाही तर आपल्या पोटातलं उत्तर आपल्याच तोंडून बाहेर येईपर्यंत थांबतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. नंतर दर शनिवारी चहाच्या वेळी ती पंधरा मिनिटं, कुठे पोचायचंय, आज कुठे आहात, काय काय करून बघता येईल, आणि सोमवारी नेमकं काय करणार. हॉटेलातल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगने जे झालं नाही ते त्या चहाने झालं.

मी डांडिया बाजारचा, जाता-येता कलाभवनची, म्हणजे जुन्या तंत्रशिक्षणाच्या शाळेची, इमारत दिसते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, हाताने काम करणाऱ्याला नीट शिकवलं तर तो कुठच्या कुठे जाईल हा त्यांचा भरवसा होता. आमच्या बडोद्याला ही गोष्ट नवी नाही सर, मधल्या साहेब लोकांनाच तिचा विसर पडला असावा. समोरच्याला माणूस समजून एक प्रश्न विचारायचा, त्याला पैसे पडत नाहीत, तरी किती कमी जण विचारतात.

आता नवीन अप्रेंटिस मुलं माझ्या हाताखाली आहेत. काल एकाचं इन्सुलेशन रेझिस्टन्सचं (वीज गळू न देण्याच्या ताकदीचं) रीडिंग खूप कमी आलं, मी विचारलं, "तुला काय वाटतं?" तो बुशिंगकडे, म्हणजे वायर बाहेर काढायच्या चिनी मातीच्या नळीकडे, बघत उभा. ते पुसलेलं नव्हतं, ओल तिथेच दिसत होती, शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. मी हात मागे बांधले आणि थांबलो. त्याने बराच वेळ घेतला, मग स्वतःच कापड आणायला गेला.

त्या दिवशी तुम्हाला गप्प बसायला किती जड गेलं असेल, ते मला काल कळलं सर.

तुमचा,
टेस्टिंगवाला