पट्टा बाबांनीच बांधायचा

प्रिय आई-बाबा,

बाबांच्या स्टोमाशेजारी, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाशेजारी, जो फुगा आलाय, त्याला आधार द्यायच्या पट्ट्याचा विषय निघाला की फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि वेगवेगळं बोलता. बाबा म्हणतात, "पट्ट्याचा काही उपयोग नाही, फुगा आहे तसाच आहे." आई मागून सांगते, "फार आवळतात गं, मग मीच काढून ठेवते." या गोंधळात माझं म्हणणं कुणाच्याच कानावर जात नाही, म्हणून लिहून पाठवते. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तुझ्यासाठीचं पुढे वेगळं लिहिलंय, तोवर त्यांच्या खांद्यावरून डोकावू नकोस.

आधी फुग्याबद्दल. स्टोमा करताना पोटाच्या स्नायूला भोक पाडावंच लागतं. त्यातून आतड्याचं टोक बाहेर काढून त्वचेला शिवतात. भोक बेताचंच ठेवतात, पण ते कधी बुजत नाही, आणि पोटातला दाब तर रोजचाच. खोकला आला, वाकलात, जोर करून उठलात, की भोकाच्या कडा थोड्या ताणल्या जातात. असं होता होता आतड्याचा एखादा वेढा स्टोमाच्या शेजारून त्वचेखाली येऊन बसतो. तोच हा हर्निया. स्टोमा असलेल्यांमध्ये हे अगदी सर्रास होतं. तुमचं पोट पाहून स्टोमा नर्सला जरासुद्धा नवल वाटलं नाही, हे तुम्हीही पाहिलंत. तेव्हा "त्या दिवशी बादली उचलली म्हणूनच झालं" हा आईचा हिशेब मनातून काढून टाका. (बादली मात्र उचलू नका.)

आता पट्ट्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते. पट्ट्याने भोक बुजत नाही. तुम्ही रोज संध्याकाळी पट्टा काढून आरशात पाहता आणि "आहे तेवढंच आहे" म्हणून वैतागता, पण ती परीक्षाच चुकीची आहे. हर्निया दुरुस्त करायचा तर ऑपरेशन लागतं, बहुतेक वेळा आतून जाळी बसवतात, आणि एवढं करूनही तो परत येण्याची शक्यता बरीच असते. म्हणून फारसा त्रास नसेल तर डॉक्टर घाई करत नाहीत. खोकला आला की तुमचा हात आपसूक स्टोमापाशी जातो ना? पट्टा म्हणजे तोच हात, दिवसभर धरून ठेवलेला. संध्याकाळपर्यंत पोट ओढल्यासारखं, जड वाटतं ते कमी व्हायला हवं, आणि चालताना जरा भरवसा वाटायला हवा. तेवढं होत असेल तर पट्टा आपलं काम करतोय.

पण ते काम होण्यासाठी तो बांधायचा कधी, हे महत्त्वाचं. तुम्ही आंघोळ करून, कपडे घालून, फिरायला निघताना उभ्याउभ्या बांधता. तोवर फुगा बाहेर आलेला असतो आणि पट्टा त्याला वरून नुसता दाबतो. त्याऐवजी आंघोळ झाली की पुन्हा पलंगावर उताणे पडा. आधी स्टोमावरची पिशवी रिकामी करून घ्या. गुडघे थोडे वर घ्या आणि दोन-चार मिनिटं शांत पडून राहा. फुगा आपोआप मऊ होऊन आत बसतो, हाताला कळतं. बोटांनी ढकलायचा नाही. पट्टा आधीच पाठीखाली पसरून ठेवलेला असू दे. मग पिशवी हळूच पट्ट्याच्या भोकातून बाहेर घ्या, त्या भोकाची कडा प्लेटभोवती (पिशवी धरणाऱ्या, त्वचेला चिकटवलेल्या चकतीभोवती) सगळीकडून सारखी बसली का ते बोट फिरवून बघा, खाली चुणी राहिली असेल तर ताणून काढा आणि मग वेल्क्रो लावा. उठताना एकदम बसते होऊ नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. सकाळी उठता उठताच बांधलात तर त्याहून बरं, आंघोळीपुरता काढून नंतर पुन्हा बांधायचा. हे सगळं तुम्हाला पोरकट वाटेल, पण पट्ट्याचा निम्मा फायदा या पडून राहण्यातच आहे.

घट्टपणाबद्दल आईची तक्रार खरी आहे. पोट सपाट दिसेपर्यंत पट्टा आवळायचा नसतो. बांधल्यावर खोल श्वास घेता आला पाहिजे, बसताना कडा रुतता कामा नये. फार आवळलात तर स्टोमातून आलेलं पिशवीत खाली उतरत नाही, तोंडाशीच साचतं, मग प्लेटखाली शिरून गळती होते. मागच्या आठवड्यात तुम्ही पिशवीच्या नावाने बोटं मोडत होतात, पण मला तरी पट्ट्याचाच संशय आहे. पिशवी लावताना आत थोडी हवा राहू द्या, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. जेवल्यावर पोट तटतटलं तर पट्टा काढू नका, जरा सैल करा. पहिले काही दिवस एक-दोन तास घालून बघा, सोसेल तसा वेळ वाढवा. रात्री झोपताना मात्र काढायचा. आडवं पडल्यावर त्याची गरज नसते आणि त्वचेलाही मोकळेपणा मिळतो.

भोकाचा पट्टा घ्यायचा की बिनभोकाचा, हे तुम्ही दोनदा विचारलंत. बिनभोकाचा दिसायला नीटस, शर्टाखाली कळतही नाही, पण तो पिशवीवरूनच जातो, त्यामुळे ती भरायला जागा कमी पडते आणि दर वेळी सैल करूनच रिकामी करावी लागते. भोकाच्या पट्ट्यात पिशवी बाहेर लटकते, भरते नीट, पण भोक प्लेटपेक्षा फार मोठं असलं तर फुगा त्यातूनच डोकं वर काढतो. म्हणून भोकाचं माप प्लेटच्या मापाशी जुळवून घ्यायचं. तुमच्यासाठी मला भोकाचाच बरा वाटतो, कारण तुमचं दिवसभर बाहेर फिरणं आणि दर वेळी वेल्क्रोची खरखर चारचौघांत नको. पट्टा रुंदीला एवढा हवा की फुग्याच्या वर आणि खाली थोडा उरला पाहिजे. अरुंद पट्टा फुग्याच्या मधोमध दोरीसारखा बसतो, त्यापेक्षा नसलेला बरा. घेर स्टोमाच्या पातळीवर मोजतात, नेहमीच्या कमरेवर नाही. मात्र झोपून मोजायचा की उभं राहून, हे पट्ट्यागणिक बदलतं, तेव्हा सोबतचा कागद वाचा किंवा नर्सकडूनच माप घ्या.

आणि हो, पिशवीच्या कानांत अडकवायचा तो बोटभर रुंदीचा पट्टा वेगळा. तो पिशवी आणि प्लेट धरून ठेवतो, हर्नियाला त्याचा आधार नाही. मोठा धुवायला टाकला म्हणून त्या दिवशी बारका बांधून फिरायला जाणं म्हणजे काहीच न बांधता जाणं.

फुगा आल्यापासून स्टोमाचा आकारही बदललाय, तेव्हा प्लेटचं भोक जुन्या मापाने कापू नका. स्टोमा पुन्हा मोजून त्याहून 2 ते 3 मिलिमीटर मोठं कापा, उघडी त्वचा तेवढीच राहू दे. फुगीर पोटावर कडक प्लेटच्या कडा सुटतात, नरम प्लेटचा नमुना मागून बघा.

आई, आता तुझ्यासाठी. पट्टा बाबांना बांधू दे. तुझे हात चांगले चालतात, त्यांना वेळ लागतो, सगळं मान्य. पण आत किती दाब बसतोय हे त्यांच्याच पोटाला कळतं, आणि तू बांधलास की सैल-घट्टाचं भांडण दिवसभर चालतं. ते चिडले म्हणून काढून ठेवू नकोस, सैल करायला सांग. सारखं "दुखतंय का" विचारण्यापेक्षा पट्टा काढल्यावर त्वचा बघ. थोडा लालसर वळ असतोच, तो थोड्या वेळात जातो. तासाभरानेही तसाच राहिला, फोड आला किंवा खाज सुटली तर माप चुकलंय.

एका गोष्टीत मात्र तुम्ही दोघांनीही वाट बघायची नाही. स्टोमा नेहमी ओलसर, लाल-गुलाबी असतो. तो जांभळा, काळपट किंवा पांढुरका पडला, फुगा कडक होऊन दुखायला लागला आणि आडवं पडूनही आत जाईना, किंवा स्टोमातून काहीच येत नाही आणि वर पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, तर पट्टा काढा आणि तडक हॉस्पिटल गाठा. बाहेर आलेलं आतडं पिळवटलं तर त्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो. स्टोमाला स्वतःला दुखणं जाणवत नाही, त्यामुळे "दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" हे बाबांचं नेहमीचं वाक्य इथे कामाचं नाही. रंग बघायचा. मला फोन नंतर करा, रात्रीचे कितीही वाजले असले तरी. आणि स्टोमा हळूहळू लांब होऊन बाहेर येतोय असं वाटलं, तर भोकाचा पट्टा नर्सला विचारल्याशिवाय घालू नका.

बाबा, लग्नकार्याला जाणं तुम्ही बंद केलंत, कारण शर्टाखालून एक बाजू वर दिसते. दिसते, खरं आहे. शर्ट जरा सैल शिवा आणि पँटचा पट्टा सोडून खांद्यावरून जाणारे गॅलस लावा, म्हणजे कमरेचा कडक काठ नेमका स्टोमावर येणार नाही. लोकांना पोट दिसत नाही, ते जेवणाच्या रांगेकडे बघत असतात.

एकच पट्टा असल्यामुळे तो ओला असला की तुमचा दिवस बुडतो, म्हणून दुसरा घेऊया. हाताने, कोमट पाण्यात धुवा, वेल्क्रो बंद करून, नाहीतर त्यात धागे अडकतात. पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री अजिबात नको, इलॅस्टिक जातं. सध्याचा पट्टा ताणला की पहिल्यासारखा मागे येतो का तेही बघा. येत नसेल तर तो बदलायचाच, मग एकदम दोन मागवू. नर्सकडे माप घेऊन घेर, प्लेटचं माप आणि रुंदी, तिन्ही आकडे मला कळवा.

तुमची,
लेक