‘लाभार्थी कोण?’ हा रकाना काढा: विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी.

सन्माननीय मंत्री महोदय,

मी बार्देश तालुक्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला आपल्या रेंदेरांच्या सुरेतले, म्हणजे माडावरून काढलेल्या ताडीतले, यीस्ट अभ्यासायचे होते: भांड्यात आंबताना कोणती पेशी किती वेगाने विभागते आणि कधी थांबते. संशोधन अनुदानाच्या एका अर्जात (योजनेचे नाव मुद्दाम लिहीत नाही) रकाना होता, ‘अपेक्षित लाभार्थी व त्यांची संख्या’. मुदत एक वर्ष. तिने प्रामाणिकपणे लिहिले, ‘आत्ताच सांगता येत नाही.’ अर्ज परत आला.

आता ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांचा अर्ज कसा दिसला असता पाहा. फ्रेंचच्या परीक्षेत सहा वेळा नापास झाल्याने या माणसाचा विद्यापीठ प्रवेश अडला होता आणि मधल्या काळात तो बिअरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करत होता. (भाषेच्या पेपरात अडकलेली हुशार मुले आपल्याकडेही काही कमी नाहीत.) १९७०च्या दशकात एडिनबरोला त्यांनी फिशन यीस्ट हाती घेतले. १८९३ साली पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमध्ये सापडलेला हा एकपेशीय जीव ताडीसारख्या पेयांतही आढळतो. कांडीसारखी पेशी लांबते आणि बरोबर मधोमध दुभंगते. नर्स यांना एवढेच हवे होते: विभागायची वेळ झाली हे पेशीला कळते कसे?

त्यासाठी ते सूक्ष्मदर्शकाखाली बुटक्या पेशी शोधत बसले, म्हणजे पुरेशा वाढण्याआधीच दुभंगणाऱ्या. पन्नासच्या आसपास मिळाल्या, पण जवळजवळ सगळ्यांत बिघाड एकाच जनुकात. अशाच बुटक्या पेशींची एक वसाहत वाढत असलेल्या प्रयोगशाळेतल्या बशीवर बुरशी चढली, म्हणून त्यांनी ती कचऱ्यात टाकली. घरी गेल्यावर चैन पडेना. सायकल काढून परत आले, बशी उचलली, बुरशीतून पेशी वेगळ्या केल्या. वेगळा निघालेला नमुना हाच. त्यातला बदल सीडीसी-२ या जनुकात होता. हे जनुक निकामी झाले की विभाजन थांबते हे ठाऊक होते. पण बदल जरा निराळा असेल तर पेशी वेळेआधीच दुभंगते, हे आता दिसले. म्हणजे वेळ ठरवणाऱ्यांत तेही होते.

१९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुके सोडली. अशा पेशी नुसत्या लांबत राहतात, दुभंगत नाहीत. त्यातल्या काही पुन्हा नीट विभागू लागल्या, माणसाच्या एका जनुकावर! शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेल्या दोन जीवांत विभाजनाची किल्ली एकच निघाली. २००१ चे नोबेल नर्स यांच्यासोबत ली हार्टवेल आणि टिम हंट यांना मिळाले. हार्टवेल यांचेही काम यीस्टवरच, पावाच्या. हंट यांचे समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या) अंड्यांवर.

स्तनाच्या कर्करोगावरचे पाल्बोसायक्लिब हे औषध सीडीसी-२ जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्याच कुळातल्या दोन प्रथिनांना रोखते. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २०१५ साली. पहिल्या बुटक्या पेशीनंतर चाळीस वर्षांनी. लाभार्थ्यांच्या रकान्यात नर्स यांनी काय लिहायचे होते?

तरीही मी औषधाच्या नावावर पैसे मागणार नाही. अशा दहांतल्या नऊ संशोधनांतून औषध निघणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक असावे. कळण्यासाठीच केलेले असते ते.

गोव्याला त्यासाठी लांब जावे लागत नाही. मिठागरांच्या खाऱ्या पाण्यात तग धरणारे एकपेशीय जीव आहेत, मांडवी-झुआरीच्या मुखाशी पाण्याबरोबर बदलणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आहेत, आणि माडावर सूर आहेच. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. पण महाविद्यालयातल्या मुलीने स्वतःचा प्रश्न घेऊन कुठे जावे?

मागणी मोठी नाही. महाविद्यालयीन संशोधनासाठी राज्य जो पैसा देते, त्यातला थोडा भाग नुसत्या कुतूहलाच्या प्रश्नांसाठी बाजूला काढा. मुदत किमान तीन वर्षे ठेवा. त्या अर्जांत लाभार्थ्यांचा रकाना नको. त्याऐवजी ‘प्रश्न काय आहे आणि तो कसा तपासणार’ एवढे विचारा, आणि ते विषय जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. प्रश्न कच्चा असेल तर खुशाल नाकारा, कारण मात्र लेखी द्या.

यासाठी विधानसभेत विधेयक आणावे लागणार नाही. पुढच्या वर्षीचे अर्ज निघण्याआधी एक परिपत्रक पुरे.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका, म्हापसा