‘बारीक झाली, छान दिसते’ म्हणायच्या आधी नाडी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पेपरात, मोबाईलवर सगळीकडे वजन कमी करायच्या टिप्स सुरू होतात, म्हणून माझ्या मुलीला झालेल्या खाणं सुटण्याच्या आजाराबद्दल (ईटिंग डिसऑर्डर) हे पत्र लिहून राहिली आहे. मुलीला विचारूनच लिहितेय, ती आता दहावीत आहे.

मागच्या एप्रिलमध्ये आपल्या नागपुरात बाहेर आग पडत होती आणि ही पोरगी कूलर बंद करायला लावून स्वेटर घालून बसायची, हातपाय थंडगार. त्याआधी पोळी सुटली, मग भात सुटला, मग रोजचं ‘ट्यूशनला खाल्लं मी’. एका लग्नात सगळे म्हणाले, किती बारीक झाली गं, काय करतेस सांग ना, आणि मीपण खूश झाले. किती किलो उतरलं ते मुद्दाम लिहीत नाही, या वयाच्या मुली तो आकडा वाचून त्याच्याशी स्पर्धा लावतात.

पाळी चार महिने नव्हती. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल, पाळी यायच्या गोळ्या दिल्या, पाळी आली, आम्ही निवांत. पोट उपाशी राहिलं की मेंदूच पाळीचे हार्मोन बंद करतो, गोळीने रक्तस्राव होतो पण हाडांची झीज काही थांबत नाही, आणि हाडं भरायचं वय नेमकं हेच, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग ट्यूशनच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नाडी भरली ४४, तीही जागी असताना. दिवसा ५० च्या खाली गेली तर या वयात ॲडमिटच करावं लागतं म्हणाले. मी म्हटलं खेळाडूंची पण कमी असते ना, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, त्यांचं हृदय मजबूत असतं म्हणून हळू चालतं, हिच्या शरीराने उपासमारीत हृदयाचे स्नायूपण वापरून टाकले.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई तुपातला शिरा घेऊन आल्या, डॉक्टरांनी थांबवलं, त्या बिचाऱ्या रडायलाच लागल्या. पण खूप दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो, दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. म्हणून रोज फॉस्फेट, पोटॅशियम बघून थोडं थोडं जेवण वाढवलं. घरच्या घरी ‘खा बाई खा’ करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा.

आणि अशा आजारात सगळ्याच मुली बारीक दिसत नाहीत. काही जणी खाऊन उलट्या काढतात, वजन अगदी चारचौघींसारखं, आणि पहिल्यांदा कळतं दातांच्या डॉक्टरला, कारण समोरच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली असते. कानाखाली गाल सुजतात. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, त्यानेही हृदयाचे ठोके बिघडतात. मुलांनाही होतं हे, फक्त त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

शाळांना हात जोडून विनंती आहे. आरोग्य तपासणीत वजन-उंची लिहिता, तेही अख्ख्या वर्गासमोर ओरडून. ते बंद करा, त्याऐवजी नाडी आणि बीपी आडवं झोपवून आणि मग उभं करून मोजा, मुलींना पाळीचं एकटीला बाजूला घेऊन विचारा. पालकांना काहून कळत नाही म्हणून भांडत बसण्यापेक्षा टेली मानसचा १४४१६ नंबर शाळेच्या बोर्डावर लावा, सरकारी आहे, मोफत आहे, तिथे मानसिक आरोग्याबद्दल बोलता येतं.

आता तिची नाडी ६४ असते. पाळी अजून आपोआप आलेली नाही, हाडांचा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. काल पोह्यावर तिने स्वतःहून तर्री मागितली, अर्धी प्लेट खाल्ली, मी काहीच बोलले नाही, नुसती बाजूला बसून राहिली.

– एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर