गावाचा कारभार सहावीतच संपतो

मा. संपादक,

शाळेत इतिहासाचं काय सक्तीने वाचायला लावावं यावर वाद निघाला की सगळी भांडणं कोणाला किती पानं मिळाली यावर येऊन थांबतात. मी निवृत्त ग्रामसेवक. माझी तक्रार त्याहून खालच्या पातळीवरची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पातळीवरची आहे.

आपल्या राज्यात नागरिकशास्त्राची पुस्तकं सरकारनेच ठरवून दिलेली आहेत. सहावीत स्थानिक शासन संस्था, सातवीत संविधान, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रं. म्हणजे ग्रामसभा मुलं अकराव्या वर्षी वाचतात आणि पुढे मतदार होईपर्यंत तिच्या वाटेला जात नाहीत. माझी नात नववीत आहे. सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य तिने घडाघडा सांगितले. आपल्या गावात ग्रामसभा कोण बोलावतं, असं विचारलं तर म्हणाली, "आमदार." दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० गुणांचं. त्यासाठी मुलं गाइडमधल्या संकल्पनाचित्रांच्या चौकटी पाठ करतात.

आमचा कुंडल भाग पूर्वी औंध संस्थानात होता. जानेवारी १९३९ मध्ये तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतःचे अधिकार सोडून कारभार लोकांकडे दिला. घटनेच्या मसुद्यात गांधीजींनी लक्ष घातलं होतं. खाली गावपंचायती, त्यावर तालुका, वर विधिमंडळ. मत हवं तर लिहितावाचता आलं पाहिजे, अशी अट होती. ही अट रास्त होती का, एवढ्या एका प्रश्नावर नववीचा तास किती रंगेल! पण माझ्या नातीने औंधचं नाव यमाईच्या यात्रेपुरतंच ऐकलंय.

पुढे याच मुलखात इंग्रजी राजवट झुगारून लोकांचं स्वतःचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचं लढाऊ दल तुफान सेना आणि १९४३ ची शेणोलीची रेल्वे लूट आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते, कारण त्यात थरार आहे. पण गावोगाव न्यायदान मंडळं बसवून जमिनीची, घरातली भांडणं त्यांनी कशी मिटवली, हे कोणी वाचत नाही. मला विचाराल तर रेल्वेपेक्षा तो भाग अवघड होता.

म्हणून सक्तीचं वाचन ठेवायचंच असेल तर नववीत थोडी पानं जिल्ह्याला द्या. आणि त्यासोबत मुलांच्या हातात आपल्याच ग्रामपंचायतीचे कागद पडू द्या : अंदाजपत्रक, घरपट्टीचा नमुना ८, मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, शंभर मतदारांचा किंवा पंधरा टक्क्यांचा, जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावात मोजक्याच लोकांना ठाऊक असतं. ते मोजके कोण, हे मी सांगायला नको.

याने शाळेत राजकारण शिरेल, असं कोणी म्हणेल. शिरेलही. सरपंचाचा मुलगा वर्गात बसलेला असताना गावचं अंदाजपत्रक फळ्यावर मांडणं शिक्षकाला सोपं नाही, हे मी जाणतो. तरीही संविधानाची उद्देशिका रोज परिपाठात म्हणून घेणाऱ्या शाळेने ग्रामसभेच्या नोटिशीला घाबरावं, हे काही पटत नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत नववीची मुलं मागच्या बाकावर नुसती ऐकायला बसवा, असं मी एका मुख्याध्यापकांना सुचवलं होतं. कल्पना त्यांना आवडली. म्हणाले, "पण वरून परिपत्रक यायला हवं." नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येत आहेत, नववीचा टप्पाही येईल. त्याआधी शिक्षण विभागाने तेवढं एक परिपत्रक काढावं.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
ता. पलूस, जि. सांगली