नानांचा पाय वाचवणाऱ्या ड्रेसिंगच्या ताईंना

पारोळा, जि. जळगाव

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत म्हणून छापत नाही. धुळ्याच्या त्या दवाखान्यात ज्यांनी तुमच्या हातून ड्रेसिंग करून घेतलंय, ते ओळखतीलच. डॉक्टरसाहेबांचे आभार समोर जाऊन मानले. तुमचे मानायला गेलो की तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

कापूस वेचणीच्या दिवसांत नानांच्या चपलेतून बाभळीचा काटा अंगठ्याखालच्या चवड्यात गेला आणि मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना कळलंही नाही. मोजा ओला दिसला तेव्हा आईच्या लक्षात आलं. तुमच्यासमोर बसूनही त्यांचं एकच पालुपद होतं, "मना पाय दुखस नही, मंग दवाखाना कसाले?" तुम्ही वाद घातला नाहीत. डोळे मिटायला लावलेत, नायलॉनचा तो जाडसर दोरा तळव्याला टेकवलात आणि लागलं की सांगा म्हणालात. १० ग्रॅमच्या दाबाने दोरा वाकला, तरी नाना गप्पच. मग तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात, "नाना, दुखस नही, हाऊच आजार शे." त्या दिवसापासून नानांनी दवाखान्याला नाही म्हटलं नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं, हे मी नंतर वाचलं. बोटं झडतात ती थेट रोगाने नव्हे, दुखणं न कळल्याने पुन्हापुन्हा होणाऱ्या इजांनी.

आता जखमेवर लावायच्या जेलबद्दल. मधुमेहाच्या जखमेवरची नवी ‘स्मार्ट’ हायड्रोजेल मी मोबाइलवर वाचत होतो आणि दर खेपेला तुम्हाला दाखवत होतो. हातातलं काम न थांबवता तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात. चिघळत राहिलेली जखम अल्कधर्मी होते, तो बदल ओळखून औषध सोडणारं जेल. बोरॉनिक आम्लाच्या जोडण्यांनी विणलेलं जेल, ज्यात साखर वाढली की ती या जोडण्यांत शिरते, वीण सैल होते आणि आतलं औषध बाहेर पडतं. सिंगापूरच्या संशोधकांचं, चुंबकाने हलवून आतल्या त्वचापेशींना कामाला लावणारं जेल. आणि २०२२ सालची स्टॅनफर्डची पट्टी, जी जखमेचं तापमान मोजते, गरजेनुसार विजेचा सौम्य प्रवाह देते आणि जिचं चिकट जेल शरीरापेक्षा काही अंश जास्त तापवलं की अलगद सुटतं. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "मग वैशाखात ती धुळे स्टँडवरच गळून पडेल." नाना कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

पण त्यानंतर तुम्ही विचारलंत, "हे प्रयोग माणसांवर झालेत की उंदरांवर?" मी परत जाऊन बघितलं. स्टॅनफर्डचे उंदरांवर, सिंगापूरचेही उंदरांवर. त्या वेळी व्यापाऱ्याकडून कापसाचे पैसे नुकतेच हातात आले होते. कुणी चकचकीत डबा पुढे केला असता तर मी डोळे झाकून घेतला असता. त्या प्रश्नाचे आभार मला खास मानायचेत.

तुम्ही वापरलंत ते साधं, ट्यूबमधलं हायड्रोजेल. नानांना समजावताना म्हणालात, भिजवलेल्या सब्जासारखं समजा, बहुतेक पाणीच, फक्त धरून ठेवलेलं. डॉक्टरांनी मेलेलं मांस काढल्यावर जो कोरडा, चिवट थर उरला होता, तो या ओलाव्याने आपोआप सुटत गेला. शेजारचे येऊन सांगायचे, जखम उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या. ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. आमच्या गल्लीत ते अजून पोचायचंय! मग जखमेला पाणी सुटू लागलं, कडा पांढऱ्या आणि लिबलिबीत दिसू लागल्या, तेव्हा तुम्ही त्याच दिवशी जेल बंद करून ओल शोषणारं फोम लावलंत. प्रत्येक वेळी पट्टी सोडल्यावर आधी वास घ्यायचा, कडेला बोटाच्या मागच्या बाजूने ऊब बघायची, कागदी पट्टीने लांबी-रुंदी मोजून वहीत लिहायची. प्रयोगशाळेत जेलला जे शिकवणं चाललंय, त्यातलं बरंचसं तुम्ही त्या स्टुलावर बसून करत होतात. ते जेल एक दिवस आपल्याकडे यावंच, कारण प्रत्येक गावाला तुमच्यासारखी ताई मिळत नाही.

मात्र पायावरचा भार कुठलंच जेल उतरवू शकत नाही, हे तुमचं म्हणणं मी जो भेटेल त्याला सांगतो. रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी, इन्सुलिन, जंतुसंसर्गाची औषधं हे डॉक्टरांनी बघितलं. चवडा जमिनीला टेकू न देणं हे तुम्ही अंगावर घेतलंत. नाना खास बूट काढून शेतात गेल्याचं तुम्हाला बुटाच्या तळव्यावरून कळायचं! "कोरा बूट आणि मळका पाय, नाना, हे काय गणित आहे?"

चैत्रात ते हट्टाला पेटले. दरवर्षी सप्तशृंगी गडाला पायी जाणारा माणूस, तेही अनवाणी. तेव्हा जखम भरत आली होती. आमचं कुणाचं ऐकेनात, म्हणून तुम्हाला फोन लावून दिला. तुम्ही काय बोललात ते नानांनी अजून सांगितलेलं नाही, पण ते जीपने गेले आणि पायात बूट घालून गेले.

जखम भरली, तरी अशा भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, हे तुम्ही आम्हाला निरोप देतानाच सांगितलंत. आई रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन नानांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. परवा टाचेला भेग दिसली. काही नाही, पण तुम्ही एकदा बघावी असं तिचं म्हणणं आहे.

म्हणून सोमवारी येतोय. तुम्ही पाकीट घेत नाही हे माहीत आहे. आता थंडी पडलीय, शेतातली भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ आणतो. त्याला नाही म्हणू नका.

आपला,
नानांचा मुलगा